ओव्हरक्लॉक करायचा गेमिंग पीसी: प्रोसेसर आणि मदरबोर्ड कसा निवडायचा

गेल्या मे महिन्यात नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, गेम पंधरा-वीस मिनिटं मस्त चालतो आणि मग एकदम अडखळायला लागतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?" त्याला म्हटलं, पैसे काढायच्या आधी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, सगळे आकडे डोळ्यासमोर ठेव आणि गेम सुरू कर. अठराव्या मिनिटाला त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. प्रोसेसरचं तापमान ७४ अंश, म्हणजे काळजीचं काहीच नाही. पण क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४.९ गिगाहर्ट्झवरून २.८ वर आला होता, आणि खाली एका ओळीत व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचं, तापमान होतं ११५. मी त्याला कॅबिनेटचं झाकण काढायला सांगितलं आणि टेबलफॅनचा झोत बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर धरायला लावला. दोन-तीन मिनिटांत क्लॉक पुन्हा ४.९ वर आला.

ग्राफिक्स कार्ड ठणठणीत होतं, प्रोसेसरही. त्याने बजेटमधला मोठा वाटा प्रोसेसरला दिला होता आणि उरलेल्या पैशात जो बोर्ड बसला तो उचलला होता. ही चूक मी सतत पाहतो. तिच्या उलटी चूकही तितकीच होते: झगमगत्या दिव्यांचा महागडा बोर्ड घ्यायचा आणि प्रोसेसरवर तडजोड करायची. प्रोसेसर आणि बोर्ड या जोडीचा एकत्र विचार केला नाही, तर ओव्हरक्लॉकिंग (कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) हे फक्त पेटीवर छापलेलं अक्षर राहतं.

ओव्हरक्लॉकिंगमधून आज नेमकं काय मिळतं

जुन्या मंडळींना १९९८चा सेलेरॉन ३००ए आठवत असेल. बसचा, म्हणजे प्रोसेसरच्या मूळ ठोक्याचा, वेग ६६ वरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर थेट ४५० वर धावायचा. २००७मधला कोअर २ क्वाड क्यू६६०० हा २.४ गिगाहर्ट्झचा, पण बस २६६ वरून ३३३ केली की ३.०. २०११चा आय५ २५००के तर ३.३ वरून ४.५ पर्यंत नेणं ही नेहमीची गोष्ट होती. तेव्हा कंपन्या बरीच क्षमता शिल्लक ठेवून प्रोसेसर विकत. ती क्षमता आपण मोकळी करायचो.

आता ती शिल्लक कंपन्याच वापरून टाकतात. आजचा प्रोसेसर तापमान, करंट आणि व्होल्टेज बघून स्वतःच दर क्षणी जितका पळता येईल तितका पळतो. पुढे ढकलायला जी जागा उरते, ती थोडी असते आणि महाग पडते. साधं गणित करून बघा. प्रोसेसरची खाल्लेली वीज ढोबळमानाने क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५.० गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ५.२ वर न्यायला समजा १.२० ऐवजी १.३० व्होल्ट द्यावे लागले, तर वेग वाढला ४ टक्के आणि वीज वाढली साधारण २२ टक्के. १२० एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळत असतील तर सगळं जुळून आलं तरी १२५ होतील. उलट त्याच क्लॉकला १.२० ऐवजी १.१२ व्होल्ट पुरले, तर वीज सुमारे १३ टक्क्यांनी घटते. ती वाचलेली उष्णता प्रोसेसर पुन्हा वेगासाठी वापरू शकतो.

म्हणून गेमिंगसाठी आजचं ओव्हरक्लॉकिंग तीन ठिकाणी आहे: रॅमचा वेग आणि टायमिंग (डेटा द्यायला रॅम लावते तो विलंब), व्होल्टेजचा वक्र (कोणत्या क्लॉकला किती व्होल्ट, तो आलेख) खाली आणणं, आणि पॉवर लिमिट. मल्टिप्लायर (ज्याने बसचा वेग गुणला की क्लॉक मिळतो तो आकडा) वाढवणं चौथ्या नंबरावर. प्रोसेसर आणि बोर्ड निवडताना हा क्रम डोक्यात पक्का ठेवा, कारण तो बदलला की खरेदीची यादीच बदलते.

पहिली पायरी: अडतंय कुठे ते मोजा

नवं काही घ्यायच्या आधी सध्याच्या मशीनवर अर्धा तास द्या. आफ्टरबर्नरसारखं टूल लावून गेम खेळताना ग्राफिक्स कार्डचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. तो सतत ९७-९९ टक्के असेल, तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबतंय आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसलाय. अशा वेळी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून एफपीएसमध्ये फरक पडणार नाही. कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांत घुटमळत असेल आणि तुम्ही एफपीएसला मर्यादा घातलेली नसेल, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय.

खात्री करायची आणखी एक सोपी रीत आहे. ग्राफिक्स सेटिंग तीच ठेवून रिझोल्यूशन १४४०पी वरून १०८०पी करा. एफपीएस चांगले वाढले तर अडथळा कार्डाचा. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरचा.

काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट १०८०पी वर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला प्रोसेसरचा प्रत्येक थेंब उपयोगी पडतो. ४के वर सायबरपंक २०७७ सगळ्या सेटिंग वर चढवून खेळणाऱ्याने तोच पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा, हे मी अगदी मनापासून सांगतो. आणि सरासरी एफपीएससोबत 'एक टक्का लो' (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडाही लिहून ठेवा. सरासरी १४० आणि एक टक्का लो ५५ असेल, तर खेळताना जाणवतो तो ५५. रॅम आणि प्रोसेसरच्या ट्यूनिंगचा खरा फायदा बहुतेक वेळा याच आकड्यात दिसतो.

दुसरी पायरी: प्रोसेसर

इंटेलच्या बाजूला नियम सरळ आहे. नावाच्या शेवटी 'के' असेल तरच मल्टिप्लायर खुला असतो, आणि बोर्डही झेड मालिकेचा लागतो. बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० सॉकेट आणि झेड६९० किंवा झेड७९०, तर कोअर अल्ट्रा २००एस मालिकेसाठी एलजीए १८५१ आणि झेड८९०. बी७६० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक होते, पण 'के' प्रोसेसरचा मल्टिप्लायर हलत नाही. एच६१० वर तर दोन्ही नाही. १४६००के आणि बी७६० अशी जोडी दुकानात पॅकेज म्हणून सर्रास विकली जाते. ती वाईट नाही, पण ओव्हरक्लॉक करायचं मनात असेल तर 'के'साठी दिलेले जास्तीचे पैसे तिथे पुरते वसूल होत नाहीत. 'केएफ' म्हणजे तोच प्रोसेसर, फक्त आतले ग्राफिक्स बंद.

एएमडीकडे जवळपास सगळे रायझन खुले असतात. एएम५ सॉकेट २०२२च्या सप्टेंबरात आलं, त्यात फक्त डीडीआर५ रॅम चालते, आणि कंपनीने ते २०२७ आणि त्यापुढेही सांभाळायचं जाहीर केलंय. म्हणजे आज चांगला बोर्ड घेतला, तर पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसायची वाट मोकळी राहते. मी स्वतः नव्या मशीनसाठी एएम५च सुचवतो, ते मुख्यतः याच कारणासाठी.

एएम५वर ठरवायचा खरा प्रश्न एकच: एक्स३डी घ्यायचा की साधा? एक्स३डी प्रोसेसरमध्ये एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीचा, एक जादा थर असतो. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी दोघांतही आठ कोअर आणि ९६ एमबी एल३. गेमला लागणारा डेटा पुन्हा पुन्हा रॅमकडून आणावा लागत नाही, तो हाताशीच सापडतो, त्यामुळे एक टक्का लो सावरतो. पण ओव्हरक्लॉकिंगच्या नजरेने या दोघांत मोठा फरक आहे. २०२३च्या ७८००एक्स३डीमध्ये कॅशचा थर कोअरच्या डोक्यावर बसवलाय. उष्णता त्या थरातून वर यावी लागते, म्हणून तापमानाची मर्यादा ८९ अंश आणि मल्टिप्लायर बंद. व्होल्टेजचा वक्र खाली आणायची मुभा मात्र आहे, आणि ती जरूर वापरावी. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोअरच्या खाली गेला. कोअर थेट झाकणाला आणि झाकण थेट कूलरला भिडतं, म्हणून मल्टिप्लायरही खुला झाला.

बजेट आवळलेलं असेल तर रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स. दोन्ही सहा कोअर, ६५ वॅटचे, म्हणजे सॉकेटमधून प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढणारे. ट्यूनिंग शिकायला हे फार चांगले, कारण त्यांना महाग बोर्डही लागत नाही आणि महाग कूलरही. ७५००एफ आणखी स्वस्त पडतो, पण त्यात आतले ग्राफिक्स नाहीत. ओव्हरक्लॉक करणाऱ्याला ती सोय हवी असं माझं मत आहे: रात्री अकरा वाजता डिस्प्ले येईना, तेव्हा केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावून कार्ड दोषी की सेटिंग, हे दोन मिनिटांत कळतं.

इंटेलची तेरावी-चौदावी पिढी घेणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. या पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरता येण्याचा दोष निघाला. इंटेलने २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मायक्रोकोडची सुधारणा दिली आणि पेटीबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणा पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणून या पिढीचा वापरलेला आय७ किंवा आय९ फार स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. नवा घेतलात तर पहिलं काम बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. या सॉकेटची जमेची बाजू अशी की काही बोर्ड डीडीआर४वर चालतात. २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव कसे भडकले ते सगळ्यांनी पाहिलंय. घरात ३२ जीबी चांगली डीडीआर४ पडून असेल, तर तो हिशेब जरूर मांडा.

कोअर अल्ट्रा २००एस मालिकेत, म्हणजे २४५के, २६५के वगैरेंत, वीज कमी लागते आणि रॅम खूप वेगाने धावते. २०२५च्या एप्रिलमध्ये इंटेलने '२००एस बूस्ट' नावाचं प्रोफाइलही दिलं. त्यात ठरावीक बोर्ड-रॅमवर ८००० पर्यंतचा रॅमचा वेग वॉरंटीत बसतो. ज्याला गेमसोबत व्हिडिओ एडिटिंगही करायचंय, त्याला २६५के चांगला. निव्वळ गेमसाठी मी एक्स३डीकडेच बोट दाखवीन.

तिसरी पायरी: बोर्ड, आणि त्यातला व्हीआरएम

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच भागात आहेत.

एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) बोर्डाला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. मधलं रूपांतर व्हीआरएम करतो. सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला जे चौकोनी चोक रांगेत उभे दिसतात आणि त्यांच्या शेजारी हीटसिंकखाली जे पॉवर स्टेज दडलेले असतात, तो व्हीआरएम. प्रोसेसर १.२५ व्होल्टला २०० वॅट ओढत असेल, तर व्हीआरएममधून १६० अँपिअर वाहतात. घरातल्या गिझरच्या पॉईंटला १६ अँपिअरचा सॉकेट असतो, त्यावरून अंदाज घ्या. रूपांतर ९० टक्के कार्यक्षम धरलं, तरी साधारण २० वॅट उष्णता या इवल्याशा भागातच तयार होते.

आता हे १६० अँपिअर सहा फेजमध्ये, म्हणजे व्हीआरएममधल्या सहा समांतर वाटांमध्ये, वाटले तर प्रत्येकीला जवळपास २७ येतात, बारा फेजमध्ये वाटले तर १३ च्या आसपास. यातली मोठी झीज, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी वीज, करंटच्या वर्गाच्या प्रमाणात होते. म्हणजे करंट निम्मा झाला की एका फेजमधली झीज चौथाईवर येते, आणि फेज दुप्पट धरून एकूण झीज निम्मी होते. जास्त फेजचा मुख्य फायदा हाच: थंड राहणं. भाच्याच्या बोर्डावर सहा फेज होत्या आणि वरच्या रांगेला हीटसिंकच नव्हता.

पेटीवरचा '१४+२+१' हा आकडा कसा वाचायचा? पहिला आकडा कोअरसाठीच्या फेजचा, दुसरा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांसाठीचा, तिसरा किरकोळ कामांसाठीचा. पहिल्या आकड्याकडे बघा, पण त्यावर भाळू नका. प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरचा आहे, ५० चा की ८० चा, हेही कंपनीच्या पानावर शोधा. मग फोटो मोठा करून बघा: डावीकडच्या आणि वरच्या दोन्ही रांगांवर हीटसिंक आहे का? तो जाड, खाचा पाडलेला धातू आहे की नुसतं चमकदार झाकण? यूट्यूबवर बोर्डांच्या व्हीआरएम तापमानाच्या चाचण्या मिळतात. अर्धा तास पूर्ण लोडवर ९०च्या खाली राहिलेला बोर्ड आपल्याकडच्या उन्हाळ्याला पुरतो. चाचणी करणाऱ्याच्या खोलीत बहुधा २१-२२ अंश असतात, आपल्या खोलीत मे महिन्यात ३८-४०, हा फरक त्यात मिळवूनच वाचा.

कोणत्या प्रोसेसरला किती दमाचा बोर्ड? ८८ वॅटच्या सहा कोअरला हीटसिंक असलेला कुठलाही नीटनेटका बी६५० पुरे. ९८००एक्स३डीची मर्यादा १६२ वॅट, आणि गेममध्ये तो त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे मधल्या किमतीचा बी६५० किंवा बी८५० त्याला सहज पेलतो. सोळा कोअरच्या रायझन ९ ला २३० वॅट जाऊ शकतात आणि आय९ १४९००के ला कंपनीच्याच मर्यादेत २५३. तिथे मात्र बोर्डावर हात आखडू नका.

चिपसेटबद्दल, म्हणजे बोर्डाच्या नावातल्या बी६५०सारख्या खुणेमागच्या चिपबद्दल, थोडक्यात. एएम५वर ए६२० आणि बी८४० सोडले, तर बी आणि एक्स मालिकेचे सगळे बोर्ड प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देतात. एक्स८७० किंवा एक्स८७०ई घेतल्याने एफपीएस वाढत नाहीत. तिथे पैसे यूएसबी४, जास्तीचे एम.२ स्लॉट आणि पीसीआय ५.० साठी जातात. ते लागत नसेल तर बी६५०-बी८५० मधल्या चांगल्या व्हीआरएमचा बोर्ड घ्या आणि वाचलेल्या पैशाचा कूलर.

तीन छोट्या सोयी मात्र मी सोडत नाही. पहिली, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण. जुन्या स्टॉकमधल्या बी६५०वर नवा ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवला की डिस्प्ले येत नाही, कारण बायोस त्याला ओळखतच नाही. फ्लॅशबॅक असेल तर पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव द्यायचं, बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. दुसरी, सीएमओएस क्लिअर करायचं (बायोसची सेटिंग पुसायचं) बटण किंवा निदान सहज पोचता येतील अशा पिना. ग्राफिक्स कार्डाखाली दडलेल्या बॅटरीसाठी दर वेळी कार्ड काढणं जिवावर येतं. तिसरी, चूक कुठे आहे ते सांगणारे चार छोटे दिवे: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. कोणता दिवा अडकलाय ते कळलं की निम्मं काम झालं.

चौथी पायरी: रॅम ठरवूनच बोर्ड पक्का करा

ओव्हरक्लॉकिंगचा पहिला नंबर रॅमचा, हे वर म्हटलंच. एएम५वर डीडीआर५-६००० सीएल३० हे गणित बरोबर बसतं, कारण त्या वेगाला मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने, एकास एक चालतो. ६४००च्या पुढे गेलं की बहुतेक वेळा तो निम्म्या वेगावर उतरतो आणि कमावलेलं हातचं जातं. टायमिंग किती महत्त्वाचं ते बघा: ६००० सीएल३० ला पहिला डेटा यायला १० नॅनोसेकंद लागतात, ४८०० सीएल४० ला जवळपास १६.७. दोन्ही पेट्यांवर डीडीआर५ असंच लिहिलेलं असतं.

एक्स३डी प्रोसेसरला रॅमच्या वेगाचा फरक कमी जाणवतो, कारण मोठी कॅश ती उणीव भरून काढते. रॅम महाग असताना हा मुद्दा जड आहे: साधा प्रोसेसर अधिक महाग वेगवान रॅम, की एक्स३डी अधिक साधी ५६००-६००० रॅम, हे दोन्ही हिशेब कागदावर मांडा.

दोनच काड्या घ्या. १६ च्या दोन. चार काड्या भरल्या की डीडीआर५चा वेग चांगलाच खाली आणावा लागतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. आणि खरेदीआधी बोर्डाच्या पानावर तपासलेल्या रॅमची यादी उघडून आपल्या रॅमचा मॉडेल नंबर तिच्यात आहे का, ते बघा.

दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या, पण पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर. 'ट्रे' प्रोसेसर म्हणजे पेटीशिवायचा, थोडा स्वस्त. त्याची वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दावर असते, पेटीबंद प्रोसेसरची तीन वर्षं कंपनीची. ओव्हरक्लॉक करणाऱ्याने पेटीच घ्यावी, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही हेही आधीच माहीत असावं.

बोर्ड काउंटरवरच उघडा. एएम५ असो की इंटेल, पिना आता बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. प्लास्टिकचं झाकण उचला, फोनचा टॉर्च तिरका धरा आणि सॉकेटकडे एका कोनातून बघा. सगळ्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत. एखादा ठिपका वेगळ्या दिशेने चमकला तर ती पिन वाकलेली. बोर्ड तिथेच बदलून घ्या. घरी आल्यावर वाकलेली पिन निघाली तर ती कुणी वाकवली, हा वाद तुम्ही जिंकत नाही. ते प्लास्टिकचं झाकणही जपून ठेवा, वॉरंटीला पाठवताना मागतात.

पाचवी पायरी: जोडल्यावर, घाई न करता

एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू केला की काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाची तिच्याशी जुळवाजुळव, चाललेलं असतं. घाबरून बटण दाबू नका.

डिस्प्ले आला की आधी बायोस ताजा करा आणि काहीही न बदलता मोजमाप घ्या: सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) दहा मिनिटं, तुमच्या गेममधला एकच प्रसंग तीन वेळा, खोलीचं तापमान. हा पाया लिहून ठेवला नाही तर पुढे काय कमावलं ते कधीच कळणार नाही.

मग एक्सपो, किंवा इंटेलवर एक्सएमपी, म्हणजे रॅमचं छापील वेगाचं तयार प्रोफाइल, चालू करा. पेटीवर ६००० छापलेली रॅम तोवर ४८००-५६०० वरच धावत असते, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं तशीच वापरतात. एक्सपो लावल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांचं) मात्र तपासा. २०२३च्या एप्रिलमध्ये काही ७००० मालिकेचे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याची प्रकरणं बाहेर आली. त्यानंतर एएमडीने बायोसमधून या व्होल्टेजची कमाल मर्यादा १.३० व्होल्ट केली. ६०००ला १.२० ते १.२५ सहसा पुरतात. रॅमची चाचणी मेमटेस्टवर रात्रभर लावा, एकही चूक चालत नाही.

त्यानंतर पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवायची एएमडीची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेजचा वक्र खाली आणायची). सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरुवात करा, मग उणे १५, उणे २०. पीबीओमधून कमाल बूस्ट २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येतो, तो वक्र स्थिर झाल्यावर. रायझनवर सगळ्या कोअरना एकच ठरावीक क्लॉक बांधून देण्याचा मोह टाळा. एकट्या कोअरला मिळणारा वरचा बूस्ट त्यात जातो, आणि गेमला नेमका तोच हवा असतो.

माझ्या सहा कोअरच्या मशीनवर उणे ३० लावून सिनेबेंच तासभर बिनघोर चाललं. मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये नुसतं वाचत बसलो असताना पीसी आपोआप रीस्टार्ट झाला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद होती. मग कोअरसायकलर लावलं. ते एका वेळी एकाच कोअरला पळवतं. चौथ्या कोअरवर पाच मिनिटांत चूक आली. पूर्ण लोडवर क्लॉक खाली असतो, त्यामुळे कमी व्होल्टेज निभावून जातं. हलक्या कामात एकच कोअर सर्वांत वरच्या क्लॉकवर झेप घेतो आणि तिथे तेच व्होल्टेज तोकडं पडतं. तो एक कोअर उणे १६ वर आणला, बाकीचे उणे २५ वर, आणि तेव्हापासून एकही रीस्टार्ट नाही. प्रत्येक कोअरची कुवत वेगळी असते. दुसऱ्याने टाकलेले आकडे जसेच्या तसे उचलू नका.

इंटेलवर 'के' प्रोसेसरचा मल्टिप्लायर एकेक आकड्याने वाढवा, व्होल्टेज अ‍ॅडॅप्टिव्ह (गरजेप्रमाणे बदलणारं) ठेवा, आणि लोडलाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर. लोड आला की व्होल्टेज थोडं झुकतं, ते झुकणं सावरायला ही सोय आहे. सर्वांत वरची पातळी लावली तर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

प्रत्येक बदलानंतर बायोसच्या त्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर साठवलेली प्रोफाइल बहुतेक वेळा पुसली जातात. आणि डिसेंबरात स्थिर ठरलेलं सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासा. खोली १७ अंशांनी तापली की प्रोसेसर आणि व्हीआरएमही जवळपास तितकेच तापतात. कोकण-गोव्याकडे दमटपणाची भर पडते, तिथे कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या, ओव्हरक्लॉकिंग नंतर.

भाच्याच्या मशीनवर आम्ही तात्पुरती पॉवर लिमिट १२५ वॅटवर आणली. व्हीआरएम ११५ वरून ८८ वर उतरला, गेममध्ये सरासरी चार एफपीएस गेले आणि अडखळणं थांबलं. दिवाळीत त्याने बारा फेजचा, दोन्ही बाजूंना जाड हीटसिंक असलेला बोर्ड घेतला. येत्या मे महिन्यात, खोलीतला वाळ्याचा कूलर बंद ठेवून, तो तीच अठरा मिनिटांची चाचणी पुन्हा घेणार आहे.